भ्यायचं नेमकं कशाला

राणीसावरगावहून परदेशी शिकायला निघालेल्या मुलीला निरोप द्यायला माणसं येतात, तेव्हा जवळपास प्रत्येक जण तिला एक तरी भीती सांगून जातो. रात्री बाहेर पडू नको. कुणावर विश्वास ठेवू नको. एकटी कुठं जाऊ नको. मलाही हे सगळं ऐकायला मिळालं, आणि ते सांगणाऱ्यांच्या मनात मायाच होती. शेजारच्या काकूंनी हातावर नोट ठेवली, गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एकटीच जायलीस माय, लई सांभाळून ऱ्हा." पण सांभाळायचं म्हणजे काय करायचं? भाडेकरार कसा वाचायचा, आजारी पडल्यावर कुणाला फोन करायचा, विमा नसला तर काय होतं, हे सांगणारं गावात कुणी नव्हतं, कारण त्या वाटेनं आधी कुणी गेलेलंच नव्हतं. जर्मनीत शिकून, राहून, फिरून झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. मोघम भीती मुलीला घरात बसवते आणि बाहेर पडलीच तर तिच्या काही कामाची नसते. कामाला येते ती नेमकी माहिती. म्हणून या प्रवासाचं वर्णन करताना मी देखाव्यांपेक्षा कागद, पैसे, घर आणि दवाखान्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांच्या बाजूला. रेणुकामातेच्या देवळामुळं आसपासच्या जिल्ह्यांतही ओळखीचं. शेती बहुतेक पावसावरची. सोयाबीन, कापूस, तूर, रब्बीला ज्वारी. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात पदवी घेतली आणि पुढं उष्ण कटिबंधातल्या शेतीच्या अभ्यासासाठी जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात प्रवेश मिळवला.

या प्रवासाचा पहिला टप्पा विमानतळाच्या कितीतरी आधी सुरू होतो, तो नावापासून. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, मग वेगळ्या ओळीत आईचं. पासपोर्टवर मात्र नावाला दोनच रकाने, आडनाव आणि दिलेलं नाव. त्यात माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलेलं. गावात अशा अक्षराला कुणी विचारत नाही. परदेशी दूतावासात मात्र त्या एका अक्षरामुळं तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती ठरू शकता. 1 नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी एपीएस नावाचं प्रमाणपत्र लागतं. आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत याची ती तपासणी. ती फी भरून करायची असते आणि तिला वेळ लागतो. तेव्हा नाव दुरुस्त करायचं काम प्रवेशाचं पत्र हातात पडल्यावर करू नये, पदवीच्या पहिल्या वर्षातच उरकावं. ज्या मुलींना पुढं बाहेर जायचं आहे त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते.

दुसरा टप्पा पैशाचा, आणि इथं शेतकऱ्याच्या घरची गोष्ट शहरातल्या नोकरदाराच्या घराहून वेगळी आहे. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीचं शुल्क नाही, हे खरं. पण होहेनहाइम ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे तिथं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1500 युरो भरावे लागतात. शिवाय वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो आहे, आणि तिथं गेल्यावर त्यातले महिन्याला 992 युरोच हातात येतात. आमच्याकडं जमीन होती, रोकड नव्हती. बँकेत सातबारा पुढं केला तर साहेबांनी तो आदरानं परत दिला. सरफेसी कायद्याखाली बँकेला थकीत कर्जासाठी शेतजमीन ताब्यात घेता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका शेती धरायला फारशा तयार नसतात. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, त्यापुढं घर, प्लॉट किंवा ठेव लागते. गंगाखेडला मामांचं घर होतं, ते तारण राहिलं. ज्यांना असे मामा नाहीत त्यांनी शिष्यवृत्त्यांकडं वेळेत बघावं. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांनाही जागा आहे. आपल्या तालुक्यात अशी घरं किती आहेत, आणि या योजनेचं नाव किती घरांना ठाऊक आहे, याचा विचार केला की मला अस्वस्थ वाटतं.

सामान भरताना आजी साजूक तुपाची बरणी घेऊन बसली होती. ती ठेवून द्यावी लागली, कारण युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. पेढे, खवा, तूप सगळं विमानतळावर काढून घेतात. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुरडया यांना अडचण आली नाही. औषधांच्या पाकिटांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, आणि तीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं. जाड कोट मुंबईत घेऊ नये, तिकडं जाऊन घ्यावा. आपल्याकडचा जाड कोट तिथल्या जानेवारीत पुरत नाही.

परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, आणि फ्रँकफर्ट विमानतळाला जोडलेल्या स्टेशनातून रेल्वेनं स्टुटगार्ट. पुढं शहराच्या दक्षिण टोकाला जाणारी ट्राम. ती शेवटच्या थांब्यावर सोडते आणि थोडं चढून गेलं की समोर एक राजवाडा येतो. तेच होहेनहाइमचं विद्यापीठ. पिवळसर भिंती, भोवती बागा आणि प्रयोगाची शेतं.

या विद्यापीठाचा जन्म दुष्काळातून झाला आहे. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, त्याची राख आणि वायू आकाशभर पसरले आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं कुजली, माणसं उपाशी मेली. त्यातून शहाणं होऊन वुर्टेमबर्गचा राजा विल्हेल्म आणि राणी काथारीना यांनी 1818 मध्ये इथं शेतीची शाळा काढली. हे पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि मला घर आठवलं. परभणीचं कृषी विद्यापीठ 18 मे 1972 चं. महाराष्ट्रानं ज्या दुष्काळाला बहात्तरचा दुष्काळ असं नाव दिलं, त्याच वर्षाचं. सुकडीवर आणि खडी फोडण्याच्या कामावर जगलेली माणसं आमच्या गल्लीत अजून आहेत. शेतीची शाळा आणि भुकेची आठवण दोन्हीकडं एकत्रच आहेत हे कळलं, तेव्हा त्या राजवाड्याचं दडपण माझ्या मनावरून उतरलं.

आता घर. माझ्या मते परदेशी गेलेल्या मुलीला खरा धोका रस्त्यावरच्या अनोळखी माणसापेक्षा घर शोधतानाच जास्त असतो. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळायला थांबावं लागतं आणि त्या काळात इंटरनेटवर घरं शोधावी लागतात. मला एका सुंदर, स्वस्त खोलीची जाहिरात दिसली. मालक सध्या दुसऱ्या देशात आहे, अनामत रक्कम पाठवा, किल्ली टपालानं येईल, असं त्यात लिहिलेलं. माझ्या आधी गेलेल्या एका बाहेरगावच्या ताईनं बजावून ठेवलं होतं, की खोली पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही. ही फसवणुकीची नेहमीची तऱ्हा आहे आणि नव्यानं येणाऱ्या परदेशी मुली तिच्या जाळ्यात सहज सापडतात. कायद्यानं अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मूळ भाडं वेगळं, आणि पाणी, हीटर, सफाई धरून होणारं भाडं वेगळं, म्हणून आकडा ऐकला की तो कोणता हे विचारून घ्यावं.

घरमालकाला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र भाड्याचा नाही. "या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का?" हा आहे. जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते. त्या नोंदणीवाचून राहण्याच्या परवान्यापर्यंतची पुढची कामं अडून बसतात. जो मालक नोंदणीला नाही म्हणतो त्याच्या घरी राहायचं नाही, भाडं कितीही कमी असो.

मला पुढं चौघांच्या सामायिक घरात खोली मिळाली. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पोरं बी ऱ्हातात त्या घरात?" राहत होती, दोन. प्रत्येक खोलीला आतून कुलूप, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांचं. स्टुटगार्टकडच्या भागात एक जुनी पद्धत आहे, जिना आणि घरासमोरची जागा झाडायची प्रत्येक घराची आठवड्याची पाळी असते. पाळी आली की दाराला पाटी लागते. आमच्या घराची पाळी आली की आमच्यातला एक मुलगा न बोलता झाडू घेऊन जिन्यात उतरायचा. मी आईला तसा व्हिडिओ पाठवला. त्यानंतर तिनं त्या पोरांबद्दल काळजीनं काही विचारलं नाही. ती त्यांना नावानं ओळखू लागली.

थंडीबद्दल गावात ऐकून काही कळत नाही. डिसेंबरात दुपारी साडेचारला सूर्य बुडतो आणि घरी फोन करावा तर तिकडं नऊ वाजलेले असतात. अंगावर काय घालायचं, यावर आमच्या घरी निघताना बरीच चर्चा झाली होती. आपला पेहराव सोडू नको असं आजीचं म्हणणं. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात मला आनंदीबाई जोशी वारंवार आठवल्या. 7 एप्रिल 1883 ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. निघण्याआधी श्रीरामपूरला भर सभेत उभ्या राहून, आपण अमेरिकेला का जातो आहोत हे त्यांनी सांगितलं होतं. आपला आहार आणि पेहराव सोडणार नाही असा शब्द त्यांनी दिला होता. फिलाडेल्फियाच्या बर्फात त्यांनी तो पाळला, आणि त्यातल्या त्यात पाय उघडे पडू नयेत म्हणून नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीनं लुगडं नेसू लागल्या. राहायची खोली गारठलेली, शेगडी धूर ओकणारी. 11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. वर्ष उलटायच्या आत, 26 फेब्रुवारी 1887 ला, क्षयानं त्या पुण्यात वारल्या. वय 21. त्यांच्या निश्चयाला मी मनापासून नमस्कार करते. पण परक्या देशात शरीर आधी राखायचं हेही मी त्यांच्याच आयुष्यातून शिकले. ऊब, पोटभर जेवण, झोप यांत कमी करून कुठलीच मर्यादा राखली जात नाही. आजीला मी हे पत्रात लिहिलं, आणि जाड विजार, लोकरी मोजे, घोट्यापर्यंतचे बूट घेतले. आशियाई दुकानात ज्वारीचं पीठ मिळायचं. महाग असलं तरी आणायचे.

त्याच हिवाळ्यात माझी पाळी काही महिने बिघडली. गावात लग्न न झालेली मुलगी बाईच्या डॉक्टरकडं गेली तर चार घरं बोलतात, म्हणून आमच्याकडं किती मुली वर्षानुवर्षं अंगावर काढतात ते मी पाहिलेलं आहे. जर्मनीत दवाखान्यातल्या बाईंनी विम्याचं कार्ड घेतलं, मोजके प्रश्न विचारले आणि लग्न झालं आहे का हे त्यात नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, थायरॉइडचं निदान झालं, गोळी सुरू झाली. मी दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारमान्य आरोग्य विमा सवलतीत मिळतो. दर महिन्याला त्याचे शंभरावर युरो जातात तेव्हा जिवावर येतं, पण तो हप्ता चुकवायचा नाही. जीव धोक्यात असेल तर 112, आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल पण रुग्णवाहिकेची गरज नसेल तर 116117. पोलीस 110. बायकांवरच्या अत्याचारासाठी 116016, ही सेवा अनेक भाषांत बोलते. हे चार आकडे मी फोनच्या पाठीमागं चिकटवले होते.

रस्त्याचं म्हणाल तर, मी रात्री फिरले. ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं असायचं आणि अभ्यास संपेपर्यंत बसायची मुभा मला पहिल्यांदाच मिळत होती. सावध मात्र राहिले. शेवटची ट्राम कधीची हे आधी बघायचं, फोन पूर्ण चार्ज ठेवायचा, निघाल्याचा निरोप घरातल्या मैत्रिणीला टाकायचा. एका संध्याकाळी ट्राममध्ये एक माणूस समोर येऊन बसला आणि नको ते बोलू लागला. मी उठून चालकाच्या केबिनजवळ जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं, जर्मनमधून, मला त्रास देऊ नका असं म्हणाले. डब्यातल्या दोन बायका लगेच उठून माझ्या बाजूला आल्या. भाषेच्या वर्गात बाजारहाटाची वाक्यं आधी शिकवतात. प्रत्येक मुलीनं हे वाक्य त्याच्याही आधी पाठ करावं.

सुट्टीत बर्लिनला गेले ती एका पत्त्यासाठी. स्टुटगार्टहून वेगवान गाडीनं पाच-सहा तास. मुलींच्या वेगळ्या खोलीत खाट मिळणारं हॉस्टेल आधीच ठरवून ठेवलं होतं. भुयारी रेल्वेनं डालेम भागात उतरलं की झाडीतून चालत इहनेश्ट्रासे 22 ही इमारत येते. आज तिथं बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीचे वर्ग भरतात. 1928 च्या नोव्हेंबरात तिथं मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती आणि 22 वर्षांच्या इरावती कर्वे तिथं शिकायला आल्या होत्या. त्यांचं जाणं सासऱ्यांना, म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांनाही, पसंत नव्हतं. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते, तिथलं त्यांना सगळं ठाऊक होतं, ते पाठीशी उभे राहिले. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले. इरावतीबाईंच्या मागं वाट माहीत असलेलं एक माणूस होतं, हे त्यांच्या चरित्रात मला फार मोठं वाटतं.

संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल आणि वंश यांचा संबंध आहे, या त्यांच्या तर्कावर इरावतीबाईंनी काम करायचं होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. 1930 मध्ये त्याच प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढं नाझी राजवटीत याच संस्थेनं वंशाच्या नावाखालच्या गुन्ह्यांना विज्ञानाचं पाठबळ दिलं, तशी पाटी आता इमारतीवर आहे. 2014 मध्ये जवळच खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली, ती मार्च 2023 मध्ये सन्मानानं पुरण्यात आली. मी त्या पाटीपुढं बराच वेळ उभी होते. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्या गुरूला मोजमाप दाखवून "तसं नाही" म्हणणं किती अवघड असेल, याचा थोडासा अंदाज मला तोवर आला होता.

कारण त्याआधीच्या सत्रात एका वर्गात कोरडवाहू जमिनीचा विषय चालला होता. ज्वारी काढल्यावर तिचे अवशेष शेतातच राहतात आणि मातीत सेंद्रिय कर्ब मिसळतो, असं गणित फळ्यावर मांडलेलं. आमच्याकडं ज्वारीचा कडबा म्हणजे वर्षभराचा चारा. पेंढ्या बांधून गंज रचतात, गरज पडली तर विकतात, शेतात उरतात ती धसकटं, आणि तीही पुष्कळदा वेचून चुलीत जातात. मी हात वर केला आणि हे सांगितलं. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, आकडे आणा. मी वडिलांना फोन केला. एकरी किती पेंढ्या, पेंढीचं वजन किती, जनावरांना किती, विकल्या किती. त्यांनी वहीतून काढून सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात फळ्यावरचं गणित बदललं आणि माझ्या प्रबंधाला विषय मिळाला. गावाकडून आलेल्या मुलींनी वर्गात आपलं शेत सांगायला कधी लाजू नये. तिथं बसलेल्या बहुतेकांना ते माहीत नसतं, आणि त्यांना ते हवं असतं.

आता मी गावी आले की मुली येऊन बसतात. परवा आमच्या आळीतली एक आली होती, कृषीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, वडिलांना घेऊन. त्यांच्या बोलण्यात आधी तेच होतं, एकटी पोर, परका मुलूख, लोक काय म्हणतील. मी मुलीची कागदं मागितली, बारावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवलं, दोन ठिकाणी आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. ते दाखवलं. घराचा करार, नोंदणी, खात्यातली रक्कम, विमा, हे सांगत गेले. वडील ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तिथं हिला ताप आला तर रात्री कोण बघतंय?" मी 116117 लिहून दिला. त्यांनी तो आकडा स्वतःच्या डायरीत उतरवून घेतला आणि पुढचं विचारलं, "आन् भाड्याचा कागद कोणत्या भाषेत ऱ्हातो? आपल्याला वाचून कोण दाखवील?" मी दाखवेन म्हटलं. सोमवारी बापलेक आडनाव दुरुस्त करायच्या अर्जासाठी गंगाखेडला जाणार आहेत, आणि मला सोबत बोलावलं आहे.